डेसिबलमधला 'बेल' कोण?

प्रश्न असा आहे : 'डेसिबल'मधला 'बेल' म्हणजे घंटा का? आणि लिहायचं कसं, डेसिबल की डेसिबेल?

घंटेचा इथे काही संबंध नाही. हा बेल म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. एकक करताना त्यांच्या आडनावातल्या दोन 'एल'पैकी एक गळला. व्होल्टांचा व्होल्ट आणि फॅरेडेंचा फॅरड झाला, त्यातलाच प्रकार. खूणच हवी असेल तर चिन्ह बघा. रोमनमध्ये 'डीबी' लिहिताना डी लहान आणि बी मोठा काढतात, कारण माणसाच्या नावावरून आलेल्या एककाचं चिन्ह मोठ्या अक्षरात लिहायचा संकेत आहे. 'डेसि' म्हणजे दशांश. रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टात डेसिलिटर असतो, त्यातलाच हा डेसि.

गंमत म्हणजे हे एकक मुळात गोंगाट मोजायला निघालंच नव्हतं. टेलिफोनच्या तारेतून जाताना बोलणं किती क्षीण होतं, हे इंजिनिअरांना मोजायचं होतं. आधी ही घट 'इतके मैल प्रमाण केबल' अशी सांगत. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल कंपनीने त्याऐवजी लॉगरिदमवर, म्हणजे पटींच्या हिशेबावर, बेतलेलं एकक घेतलं आणि १९२८ मध्ये त्याचं नाव डेसिबल ठेवलं. बेल १९२२ मध्येच वारले होते.

तरीही आवाजाच्या मापाला त्यांचं नाव मिळालं हे मला टेलिफोनपेक्षाही कानामुळे शोभतं असं वाटतं. आईला कमी ऐकू यायचं, बायको मेबल लहानपणी तापात बहिरी झालेली, आणि स्वतः बेल कर्णबधिरांचे शिक्षक. (खुणांच्या भाषेला त्यांनी केलेला विरोध मात्र कर्णबधिर समाज आजही विसरलेला नाही, आणि ते रास्तच आहे.) १८७४ मध्ये त्यांनी एका मृत माणसाचा कान मिळवला, त्यातल्या हाडाला गवताची बारीक काडी जोडली आणि काजळी धरलेली काच काडीच्या टोकाखाली ठेवली. कानात बोललं की पडदा थरथरे, हाडं हलत आणि काचेवर नागमोडी रेघ उठे. एवढासा पातळ पडदा त्या मानाने जड हाडं हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? टेलिफोनची कल्पना इथून पुढे सरकली. मार्च १८७६ मध्ये पेटंट मिळालं. त्याच्या अर्जाच्याच दिवशी एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाचे टेलिफोनबद्दलचे कागदही पेटंट कचेरीत पोचले होते, आणि तो वाद फार लांबला. पुढे १८७९ मध्ये बेल यांनी श्रवणशक्ती तपासायचं यंत्रही केलं.

आता वापराचं. '८० डेसिबल म्हणजे ४० च्या दुप्पट आवाज' असं सर्रास छापून येतं, ते चूक. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. ४० वरून ८० म्हणजे दहा हजार पट. कानाला तेवढा फरक जाणवत नाही, ही गोष्ट वेगळी.

लिहिण्यापुरतं म्हणाल तर नावाशी इमान राखायचं असेल तर 'डेसिबेल' बरं. पण 'डेसिबल' इतकं रुळलंय की त्यावर लाल शाई मारण्यात अर्थ नाही. 'डेसिबल्स' मात्र टाळा. आपण 'दहा मीटर कापड' म्हणतो, 'मीटर्स' नाही. तसंच 'साठ डेसिबल आवाज'.