नायफायमध्ये एचटीटीपी रिक्वेस्टचे हेडर ॲट्रिब्यूट म्हणून कसे ठेवायचे? की नुसत्या बॉडीवर भागतं?

नाही भागत. नायफाय म्हणजे डेटा इकडून तिकडे वाहून नेणारं सॉफ्टवेअर; बॉडी म्हणजे रिक्वेस्टमधला मूळ डेटा, हेडर म्हणजे त्यासोबतच्या माहितीच्या ओळी, आणि ॲट्रिब्यूट म्हणजे नायफायनं डेटाला चिकटवलेली लेबलं. रिक्वेस्ट घ्यायला हँडलएचटीटीपीरिक्वेस्ट हा प्रोसेसर लावला असेल तर सगळे हेडर आपोआप ॲट्रिब्यूटमध्ये येतात. लिसनएचटीटीपी असेल तर हेडरच्या नावांसाठी रेजेक्स (नावं जुळवायचा नमुना) द्यावा लागतो, तो रिकामा सोडू नका. पण एवढ्यानं काम होतंच असं नाही.

दोन हंगामांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या तीन जिनिंगच्या वजनकाट्यांचा डेटा मी एका कंत्राटदाराच्या हाताखाली जोडत होतो. बॉडीत गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन. काटा कोणता, हे फक्त हेडरमध्ये: काटा_आयडी. रेजेक्स मी स्वतः टाकला होता, तरी ॲट्रिब्यूट येईना. त्यात कंत्राटदारानं पुढे ‘काटा नसेल तर वणी’ असं डिफॉल्ट ठोकून दिलेलं.

ऐन डिसेंबरात पांढरकवड्याकडचा एक शेतकरी काटापट्टी घेऊन आला. "भाऊ, मी त वणीले गेलोच नाई. मंग माहा कापूस तिकडं कसा चढला?" पट्टी खिशात राहून मऊ पडली होती, पण आकडा स्पष्ट: १८ क्विंटल ४० किलो. पांढरकवड्याच्या हिशेबात तो मालच नव्हता, म्हणून चुकारा अडला होता.

कंत्राटदाराचं एकच म्हणणं: काट्याचं यंत्र हेडर पाठवतच नाही. मी रात्री जिनिंगच्या ऑफिसात बसून टीसीपीडम्प (नेटवर्कवरून जाणारा डेटा टिपणारं टूल) लावला. साधं एचटीटीपी होतं, सगळं दिसत होतं. हेडर काट्यावरून निघत होता, नायफायच्या पोर्टवर पोचत नव्हता. मधे एनजिनएक्स, म्हणजे रिक्वेस्ट पुढे पाठवणारा सर्व्हर. नावात अंडरस्कोर असलेला हेडर तो मूळ सेटिंगमध्ये अवैध धरून टाकून देतो. त्याची नोंद इन्फो पातळीवर होते, त्यामुळे नेहमीच्या एरर लॉगमध्ये अक्षरही नसतं. नाव काटा-आयडी केलं आणि पुढची गाडी बरोबर ठिकाणी चढली.

तुमच्या फ्लोमध्ये मर्जकंटेंट (अनेक तुकडे एकत्र करणारा प्रोसेसर) असेल तर आणखी एक खड्डा आहे. मूळ सेटिंगमध्ये तो सगळ्या फ्लोफाइलमध्ये (नायफायमधले डेटाचे तुकडे) सारखे असलेलेच ॲट्रिब्यूट ठेवतो. तीन काट्यांचा माल एकत्र केला की काटा गेला. म्हणून मर्जच्या आधीच अपडेटरेकॉर्ड या प्रोसेसरनं तो रेकॉर्डमध्ये लिहा.

आणि काटा नसलेली नोंद वेगळ्या रांगेत थांबवा, अंदाजानं गाव चिकटवू नका. ‘हेडर म्हणजे कचरा, बॉडी तेवढी खरी’ असं मला भर बैठकीत ऐकवलं होतं. कोणाचा कापूस कुठे उतरला हे सांगणारी गोष्ट कचरा कशी?

हां, रेजेक्समध्ये सगळेच हेडर घेऊ नका. ॲट्रिब्यूट मेमरीत राहतात, आणि ऑथरायझेशनचा टोकन आला तर तो प्रॉव्हेनन्समध्ये (डेटाच्या प्रवासाच्या नोंदींत) उघडा दिसतो. शिवाय हेडर पाठवणारा त्यात काहीही लिहू शकतो, तेव्हा पैशांचा हिशेब असेल तर यंत्राची ओळख वेगळी पटवा.

कंत्राटदार अजून यंत्रालाच दोष देतो. टीसीपीडम्पच्या त्या रात्रीच्या दोन्ही फाइल माझ्याकडे आहेत.