अहिर माशाला बंधारा चढवायचा कसा?

प्रश्न : विश्वामित्री नदीवरच्या दीड मीटर उंचीच्या लहान बंधाऱ्यासाठी आम्ही विद्यार्थी वाम माशांच्या वाटेचा आराखडा करतोय. पायऱ्या बांधाव्यात की उतरण?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी मासा नक्की करा. वाम म्हणजे टोकदार तोंडाची, पाठीवर काटे असलेली. ती गोड्या पाण्यातच अंडी घालते. समुद्रात जन्मून नदीत चढतो तो अहिर. उत्तर त्याच्यासाठी आहे.

पायऱ्या नकोत. अहिर उडी मारत नाही, आणि त्याचं बोटभर पिल्लू जोराच्या धारेत टिकत नाही. ओल्या, खरबरीत पृष्ठभागावर मात्र ते वळवळत चढतं. म्हणून ब्रशाची उतरण करा: फळीवर सुमारे ७ सें.मी. लांब प्लास्टिकच्या केसांचे झुपके. पिल्लू एका झुपक्याला पाठ टेकतं, पुढच्याला अंग गुंडाळतं आणि वर सरकतं. अर्ध्या रुंदीत झुपके १४ मि.मी. अंतरावर लावा, उरलेल्यात २१; मोठ्यांना दाट ब्रशात शिरता येत नाही.

कल ३० अंश ठेवलात तर दीड मीटरला ३ मीटर फळी लागते. शिवाय अर्धा मीटर पाण्याखाली. रुंदी ४० सें.मी. पुरे, पण फळी आडवीही १० अंश कलती ठेवा, म्हणजे एक कड ७ सें.मी. उंच राहते आणि पाणी थोडं वरखाली झालं तरी कुठेतरी पातळ ओल मिळतेच. वरून दोन-तीन मि.मी. जाडीचा पाझर सोडा. तो नळीने, उताराने आणा. पंपावर भिस्त ठेवली आणि वीज गेली, तर अर्ध्या वाटेवरची पिल्लं सुकून मरतात.

खरी चूक पायथ्याशी होते. पिल्लं काठाकाठाने वर येतात आणि बंधाऱ्याच्या भिंतीला अडतात. उतरण तिथेच, काठाला हवी, नदीच्या मध्यात नव्हे. पाणी उतरल्यावर ती अधांतरी राहता कामा नये, म्हणून मोजमाप उन्हाळ्यात करा. पात्रात मगरी आहेत, तेव्हा वनखात्याला कळवल्याशिवाय उतरू नका.

वरचं तोंड सांडव्यापासून लांब ठेवा, नाहीतर चढलेलं पिल्लू लगेच खाली वाहून येतं. बगळ्यांपासून जपायला झाकण हवं, पण उचलता येणारं. जलपर्णी अडकली की ब्रश निकामी होतो.

वरच्या टोकाला बारीक जाळीची पेटी ठेवून रोज सकाळी मोजणी करा, कारण ती रात्री चढतात. मोजून लगेच वरच्या पाण्यात सोडा. पेटी रिकामी आणि भिंतीशी पिल्लं जमलेली दिसली, तर आधी पायथ्याची जागा बदलून पाहा.