बर्ग ४१, टग १४ सेकंद: दोन्ही आकडे खरे असू शकतात

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आई ७६ वर्षांच्या, नौपाड्यात बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. काठी घेऊन बऱ्या चालतात, तरी फिजिओने बर्ग चाचणीत, म्हणजे तोलाच्या चाचणीत, ५६ पैकी ४१ गुण दिले. 'टग'ला, म्हणजे उठून चालून परत बसायच्या वेळेच्या चाचणीला (Timed Up and Go), काठीसह १४ सेकंद लागले. यातली कोणती चाचणी चुकली? आणि भाऊ म्हणतो तशी काठी बंद करावी का?

ठाण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करतो, त्यामुळे हा गोंधळ ओळखीचा आहे. चुकलं काहीच नाही. बर्गमध्ये काठी बाजूला ठेवावी लागते. आधाराशिवाय उभं राहणं, डोळे मिटून उभं राहणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, जागेवर गिरकी घेणं अशा १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४ गुण. सलग चालणं त्यात नाहीच! टगमध्ये खुर्चीतून उठून ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं, तेही नेहमीच्या चपला घालून, नेहमीची काठी घेऊन. म्हणजे ४१ हा आईंच्या स्वतःच्या तोलाचा आकडा आणि १४ हा काठी धरलेल्या आईंचा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात, तेव्हा काठी असूनही जपायला हवंच.

काठी काढून घेणं मला अजिबात पटत नाही. आधार गेला की भीती वाटते, मग आधी तलावपाळीची फेरी बंद होते, नंतर खाली उतरणंच. मांड्यांची ताकद अशीच जाते. तोल सुधारायचा तर व्यायाम हवा. तोही कठडा किंवा ओटा हाताशी ठेवून.

मला खटकलं ते दुसरंच. तुम्ही सहज लिहून गेलात की उजवा गुडघा दुखतो आणि काठीही उजव्या हातात असते. ती डाव्या हातात हवी. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकायची, म्हणजे त्या पायावरचा भार थोडा काठीवर जातो. उंचीही बघा: चपला घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. दुकानातून आणलेली काठी तशीच वापरणारे इतके भेटतात की काय सांगू. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं असेल तर आजच बदला, पावसात पेव्हर ब्लॉकवर ते घसरतं.

जिन्यात एका हाताने कठडा, दुसऱ्यात काठी. चढताना आधी डावा पाय, मग उजवा आणि काठी. उतरताना आधी काठी आणि उजवा. कठडा एकाच बाजूला असेल तर उतरताना काठीचा हात बदलतो, तो बदलू द्या. जिन्यात कठडा महत्त्वाचा.

रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर गोळ्यांचा विचार त्यांनी करावा, तुम्ही परस्पर नको.

पुढच्या वेळी बर्ग ४३ आला म्हणून पेढे वाटू नका. या पातळीवर साधारण ५ गुणांचा फरक पडला तरच तो खरा मानतात. टग मात्र त्याच खुर्चीवर, त्याच चपलांत करून घ्या, आणि सेकंदांशेजारी काठी कोणत्या हातात होती तेही लिहून ठेवा.