वाचकांचे प्रश्न : धर्ममाता होऊ की नको?

प्रश्न : ठाण्यातलं आमचं ईस्ट इंडियन (इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती) कॅथलिक घर. माझं वय 20, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा चर्चचा विधी) झालंय. पण देवावर विश्वास नाही. बहिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्यात धर्ममाता (बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी) हो म्हणतात. काय करू?

उत्तर : नकार द्या, पण पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, नाव जाण्याआधी. ऐन वेळी माघार घेतली की दुखावते ती बहीण. कॅनन कायद्याचं (कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा) कलम 874 धर्ममातेकडून जे मागतं त्यात या तीन गोष्टी येतात : साधारणपणे 16 वर्षं पूर्ण, दृढीकरण आणि श्रद्धेला साजेसं जगणं. तिसरी तुमच्याकडे नाही. शिवाय बाप्तिस्म्याच्या विधीत ‘माझा विश्वास आहे’ असं सर्वांसमोर म्हणावं लागतं. ते खोटं बोलू नका. कलम 873 नुसार एकच धर्मपालक (धर्ममाता किंवा धर्मपिता) पुरतो, त्यामुळे बाळाचं अडत नाही. काका किंवा मामा चालेल, हे बहिणीला आधी सांगा. आईला मात्र एकटीला गाठून सांगा, जेवणाच्या पंगतीत नको.

मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) घरच्यांसोबत जाता येतं; कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) रांगेत न जाता बाकावर बसून राहा. उंबराचं पाणी (आपल्याकडचा लग्नातला विधी), जेवणं, गाणी यांत तर आपली माणसं आहेत, ती कशाला सोडायची?

सरकारी फॉर्मवर ‘कोणताही धर्म नाही’ लिहिता येतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये हा हक्क मान्य केला. आणि ते अर्जदार कागदोपत्री ख्रिस्तीच होते!