आजीचा जडावाचा हार ६२ ग्रॅम भरला, पण सराफाने सोनं फक्त २७ ग्रॅम धरलं. वर 'खडे गेलेत, हॉलमार्कही नाही' म्हणाला. फसवतोय का?

आधी एक विनंती, हार इतक्यात मोडू नका. फसवणुकीचं नंतर बघू.

सराफी पेढीवर मोड घ्यायच्या टेबलाशी माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे समोरच्या माणसाचं गणित मला कळतं. ६२ पैकी २७ हा आकडा ऐकायला वाईट वाटतो, पण जडावाच्या दागिन्यात तो सहज शक्य आहे. काट्यावर तुम्ही सोनं, खडे, ओवलेले मोती, मागचा रेशमी गोफ आणि लाख असं सगळं एकत्र ठेवलंत. यातली लाख कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण ती आत असते. आपल्याकडच्या कोल्हापुरी साजाच्या पानांतसुद्धा लाख भरतात आणि तो मोडायला आणणाऱ्यांची तोंडं अशीच उतरतात.

जडाव कसा होतो ते एकदा कळलं की हा हिशेब आपोआप उलगडेल. पहिल्यांदा पातळ पत्र्याचा पोकळ सांगाडा तयार होतो, त्याला घाट म्हणतात. त्यात खड्यांसाठी घरं पाडलेली असतात. पाठीमागे मीनाकाम हवं असेल तर ते याच टप्प्यावर उरकावं लागतं, कारण मीना भट्टीत भाजतात आणि त्या आचेपुढे लाख टिकणार नाही. ज्या रंगाला जास्त आच सोसते तो आधी, आणि नाजूक लाल सगळ्यांत शेवटी. तुमच्या हाराची पाठ पाहिलीत का? ती रंगीत असेल तर त्या बाजूवर पुढच्या बाजूइतकीच मेहनत झालेली आहे, आणि मोडीत तिचा एक रुपयाही धरला जात नाही.

मग घाटात लाख भरतात. प्रत्येक घरात चकाकत्या पत्र्याचा बारीक तुकडा, म्हणजे डांक, ठेवून त्यावर खडा बसवतात. आता खरं काम जडियाचं, म्हणजे खडे जडवणाऱ्या कारागिराचं. शुद्ध २४ कॅरेट सोनं ठोकून ठोकून इतकं पातळ केलेलं असतं की ते कापडाच्या चिंधीसारखं लुळं पडतं. हेच कुंदन. त्याच्या अरुंद पट्ट्या कापायच्या आणि खडा व घराची भिंत यांच्यामधल्या फटीत पोलादी सळईने दाबत जायच्या, थरावर थर. झाळणं नाही, आच नाही. शुद्ध सोनं स्वच्छ असलं की नुसत्या दाबाने स्वतःशीच एकजीव होतं. त्यात तांबं मिसळलेलं असेल तर हे जमत नाही. सोनं कडक होतं आणि तांब्यावर धरणारा गंज थरांना एकमेकांशी चिकटू देत नाही. शेवटी कड घासूनपुसून झळकवतात. बिकानेर आणि जयपूरचे जडिये आजही असंच काम करतात. पेढीवर आलेला एखादा जुना तुकडा मी भिंगाखाली धरतो तेव्हा ती कड पाहण्यातच दहा मिनिटं जातात, आणि मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं.

आता 'खडे गेलेत' याविषयी. इथे मला तुमच्या सराफाचं म्हणणं पटत नाही. खड्यामागची डांक बहुधा चांदीची असते. कोणी हार साबणाच्या पाण्यात धुतला, अत्तराचा फवारा मारला किंवा घाम मुरला की ओल आत शिरते, डांक काळी पडते आणि वरचा खडा मेल्यासारखा दिसतो. खड्याला काहीही झालेलं नसतं. चांगला जडिया कुंदन उकलून डांक बदलतो आणि खडा पुन्हा बसवतो. तोवर तुम्ही स्वतः हार धुऊ नका, आणि दुकानातल्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर मुळीच घालू देऊ नका.

खडे कोणते हा मात्र पैशाचा प्रश्न आहे. जडाऊ हे या पद्धतीच्या सगळ्या दागिन्यांचं नाव. त्यात पैलू न पाडलेला हिरा असेल तर बाजारात पोलकी म्हणतात, आणि नुसतं कुंदन म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा काच असते. जुन्या पोलकीचा पृष्ठभाग सपाट पण थोडा ओबडधोबड असतो, आत नैसर्गिक रेषा-ढग दिसतात. काचेत गोल बुडबुडे सापडतात. हिरा तपासायचं पेन लावून बघतील, पण ते पेन बऱ्याचदा मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यालाही हिरा म्हणून पास करतं. आजीच्या काळच्या हारात ती भीती कमी. नवीन खरेदीत मात्र प्रयोगशाळेत वाढवलेल्या पोलकीही आल्या आहेत. पाठ बंद असल्याने खड्याची जाडी दिसत नाही, त्यामुळे बसवलेल्या खड्यांचे कॅरेट, म्हणजे वजन, कोणीही छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज समजा.

हॉलमार्क नसण्याला दोष समजू नका. जून २०२१ मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा कुंदन, पोलकी आणि जडाऊ त्यातून वगळले गेले. आजीचा हार तर त्याच्या कितीतरी आधीचा.

मग २७ ग्रॅम खरे की खोटे? हार अख्खा असताना हा आकडा कोणीच पक्का सांगू शकत नाही. कॅरेट मशीन फक्त पृष्ठभाग वाचतं. ते कुंदनाच्या कडेवर धरलं तर शुद्धतेचा आकडा चढा दाखवेल, घाटाच्या पाठीवर धरलं तर वेगळा. म्हणून घेणारा आपला तोटा होऊ नये असा आकडा धरतो. आमच्या धंद्यात सगळे तसंच करतात, आणि अंदाज चुकला तर तो कधी गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकत नाही.

पैशाची घाई नसेल तर जडावकाम करणाऱ्या कारागिराकडून डांक बदलून घ्या आणि जुने दागिने अख्खे विकत घेणाऱ्या दोन-तीन ठिकाणी दाखवा. हैदराबादच्या निजामाचे १७३ दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये घेतले ते काही सोन्याच्या भावाने तोलून नव्हे. आपला हार त्या पंक्तीतला नाही हे मान्य, पण पोलकी आणि मीना असेल तर अख्ख्या हाराला मोडीपेक्षा जास्त किंमत येते.

काचेचे खडे निघाले आणि मोडायचाच ठरला, तर समोर बसून मोडा. आधी खडे, मोती आणि लाख काढायला सांगा, उरलेलं सोनं वजन करून घ्या, ते आटवल्यावर पुन्हा वजन आणि मग कस. निघालेले सगळे खडे पुडीत बांधून परत मागून घ्या. 'काचाच आहेत, काय करणार' असं म्हणाले तरी.