कोळसा खाणीत काम केलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा?

आपले पणजोबा स्वातंत्र्याच्या आगेमागे बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीत होते एवढेच घरात ठाऊक आहे, कागद एकही नाही, तेव्हा शोध कोठून सुरू करावा, असे आपण विचारले आहे. माझे आजोबा त्याच पट्ट्यात लोडर, म्हणजे कोळसा भरणारे कामगार, होते आणि त्यांचा माग काढण्यात माझी तीन वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो की नावाच्या मागे लागू नका, पैशाच्या मागे लागा. निरक्षर कामगाराचे नाव प्रत्येक कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले आहे. आमच्याच आजोबांचे नाव चार कागदांत चार प्रकारे सापडले. जेथे पैसे द्यायचे होते तेथे मात्र नावाबरोबर क्रमांक असे, आणि माणूस त्या क्रमांकाने सापडतो.

कोळसा खाण भविष्यनिर्वाह निधीचा कायदा 1948 चा आहे. पणजोबा त्यानंतर कामावर असतील तर त्यांचा खातेक्रमांक पडलेला असण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून घरातील पेट्या, देवघरामागचे डबे आणि पणजीच्या पेन्शनचे कागद आधी पाहावेत.

क्रमांक हाती आला की खाणीतील ‘बी फॉर्म’ची चौकशी करावी. ही कामगारांची नोंदवही असून तीत नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, कायमचा पत्ता, कामाचा प्रकार, रुजू झाल्याची तारीख आणि अंगठा असतो. आजोबांच्या ओळीत अंगठ्याला शाई इतकी लागली होती की एकही रेष दिसत नव्हती, आणि वयाच्या रकान्यात 25 लिहिले होते. वरखालच्या सात जणांचे वयही 25 च होते. त्यामुळे त्या वयावरून जन्मसाल काढू नये. पत्त्याचा रकाना मात्र जपून उतरवून घ्यावा. आम्ही स्वतःला पिढ्यान्‌पिढ्या बल्लारपूरचे समजत होतो, आणि त्या रकान्यात भंडारा जिल्ह्यातील गाव निघाले.

येथे एक अडचण येते. बहुतेक खाजगी कोळसा खाणींचा कारभार सरकारने जानेवारी 1973 च्या अखेरीस हाती घेतला, आणि त्याआधीच काम सोडलेल्यांच्या नोंदी नव्या व्यवस्थापनाकडे आल्याच असतील असे नाही. अर्ज करताना खाणीचे जुने नाव, जुन्या मालक कंपनीचे नाव आणि अंदाजे कालखंड लिहावा. माहितीच्या अधिकाराचा अर्जही नेमका असेल तरच उपयोगी पडतो. मला एका कार्यालयात सर्व जुने कागद रद्दीत गेल्याचे सांगण्यात आले होते. पुढे एका निवृत्त हजेरीबाबूंनी कोणत्या खोलीतील कोणत्या कपाटात पाहायचे ते सांगितले, आणि गठ्ठा तेथेच निघाला. अशा वृद्धांना आधी भेटावे, कार्यालये नंतर.

पणजोबांचा मृत्यू अपघातात झाला असेल तर वाट वेगळी आहे. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याप्रमाणे मृत्यूची भरपाई मालकाने थेट कुटुंबाला न देता आयुक्तांकडे जमा करावी लागे, त्यामुळे त्या फायलीत वारसांची नावे असतात. जनगणनेच्या मागे मात्र वेळ घालवू नये. काही देशांत जुन्या जनगणनेची पाने वंशजांना पाहता येतात, आपल्याकडे 1948 च्या कायद्याने व्यक्तिगत नोंदी पाहण्यास मनाई आहे.

मूळ गाव कळल्यावर तहसील कार्यालयात कोतवाल पंजी, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, पाहावी. तीत पुष्कळदा बाळाचे नाव नसतेच. अमक्यास मुलगा झाला, एवढीच नोंद असते. म्हणून पणजोबांचे नव्हे, तर त्यांच्या वडिलांचे नाव शोधावे आणि भावंडांचा क्रम जुळवावा.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण पणजींचेही नाव शोधून पाहावे. स्त्रियांना जमिनीखालच्या कामावर 1937 पासून पूर्ण बंदी होती. ती युद्धकाळात, 1943 मध्ये, कोळसा खाणींपुरती उठवली आणि 1946 मध्ये पुन्हा लागू केली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. बंदी असो वा नसो, जमिनीवर कोळसा वेचण्या-भरण्याचे काम बायका करीतच होत्या. आमची आजी कधी खाणीवर गेल्याचे घरात कोणी बोलले नव्हते. जुन्या हजेरीपटात आजोबांच्या नावाखाली तीन ओळी सोडून तिचे नाव होते, पुढे नवऱ्याचे नाव, आणि महिन्यातील बावीस हजेऱ्या.