वाचकांचे प्रश्न : अमिबा पेशी मारतो कसा?

प्रश्न : पावसाळ्यानंतर माझ्या मेहुण्यांना ताप येऊ लागला आणि उजव्या बरगडीखाली दुखू लागले. सोनोग्राफीत यकृतात मोठे गळू दिसले आणि ते अमिबामुळे झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. त्याआधी त्यांना जुलाब किंवा आव पडणे असा कोणताही त्रास नव्हता. घरातील मंडळी सराफ्यातल्या (इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या) खाण्याला दोष देत आहेत. मला मात्र हे समजून घ्यायचे आहे की, एकाच पेशीचा हा जीव यकृतात एवढी पोकळी कशी पाडतो? तो विष सोडतो की खरोखरच खातो? आणि गळू बरे झाल्यावरही वेगळ्या गोळ्या कशासाठी दिल्या?
— एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : खातो, असेच म्हणावे लागेल, आणि मेलेले नव्हे, तर जिवंत असलेले खातो. ही गोष्ट स्पष्ट व्हायला फार काळ लागला. सेंट पीटर्सबर्ग येथे फेडोर लॉश यांनी अमांशाच्या रुग्णाच्या शौचात हे अमिबा पाहिले ते १८७५ मध्ये. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे अभ्यासकांची सर्वसाधारण समजूत अशी होती की, एंटामिबा हिस्टोलिटिका (या अमिबाचे शास्त्रीय नाव) आधी पेशीला ठार करतो आणि मग तिचे प्रेत गिळतो. मारण्याची साधनेही त्याच्याजवळ सापडली होती. पेशीच्या पटलाला भोके पाडणारी छोटी प्रथिने त्याच्यापाशी आहेत आणि ऊतकांना बांधून ठेवणारा पदार्थ विरघळवणारी विकरेही आहेत.

तरीही एक बाब या चित्रात बसत नव्हती. ज्या द्रवात अमिबा वाढवले, तो द्रव गाळून मानवी पेशींवर घातला तर त्या फारशा मरत नाहीत. जिवंत अमिबा प्रत्यक्ष चिकटावा लागतो. हे चिकटणे अमिबाच्या पृष्ठभागावरील लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे होते, कारण ते आपल्या पेशींवरील गॅलेक्टोजसारख्या शर्करांना घट्ट धरते. प्रयोगशाळेत भोवतीच्या द्रवात गॅलेक्टोज भरपूर मिसळले तर या प्रथिनाच्या जागा त्यानेच भरून जातात, अमिबाला पेशी पकडता येत नाही आणि ती वाचते. म्हणजेच विष दुरून पसरवून मारण्याचा हा प्रकार नाही, एवढे आधीपासून माहीत होते.

पुढचा उलगडा २०१४ मध्ये झाला. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात कॅथरीन राल्स्टन, विल्यम पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पेशींचे पटल चमकणाऱ्या रंगाने रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली अमिबाला त्यांच्या सान्निध्यात सोडले. अमिबा पेशीला चिकटल्यानंतर थोड्याच वेळात तिच्या पटलाचे चमकणारे तुकडे त्याच्या पोटात दिसू लागले, आणि ज्या पेशीचे हे लचके तोडले जात होते ती त्या वेळी जिवंत होती. लचके तुटू लागताच पेशीच्या आत कॅल्शियमचे प्रमाण वाढते, पटलाची अखंडता हळूहळू संपते आणि काही मिनिटांत पेशी मरते. अमिबाची हालचाल घडवणारी यंत्रणा औषधाने किंवा थंडीने रोखली की चावणे थांबते आणि त्याबरोबर मारणेही थांबते. मला यातले सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचेच : पेशी मेली की अमिबा तिला सोडून देतो आणि शेजारच्या जिवंत पेशीकडे वळतो. केवळ भूक भागवण्यासाठी हे चालले असते, तर मेलेली पेशी टाकून देण्याचे कारण नव्हते. २०१९ मध्ये राल्स्टन यांच्याच गटाने दाखवले की, चावलेल्या पेशींची प्रथिने अमिबा स्वतःच्या अंगावर मिरवतो आणि त्यामुळे आपल्या रक्तातील संरक्षक प्रथिनांच्या तडाख्यातून बचावतो. अर्थात ही निरीक्षणे मुख्यतः प्रयोगशाळेतील पेशी आणि उंदराच्या आतड्याचे तुकडे यांवरची आहेत. भोके पाडणारी प्रथिने आणि विकरे यांचा वाटा त्यामुळे रद्द होत नाही.

आता मेहुण्यांच्या यकृताकडे वळू. दूषित अन्नपाण्यातून पोटात गेलेली अमिबाची पुटी (कवचात बंद असलेला, सुप्त अमिबा) लहान आतड्यात उघडते आणि बाहेर पडलेले अमिबा मोठ्या आतड्यात वस्ती करतात. काही जणांत ते आतड्यावरचा श्लेष्माचा थर भेदून खाली उतरतात आणि तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद असे सुरईच्या आकाराचे व्रण तयार होतात. तेथून रक्तावाटे काही अमिबा यकृतात, बहुधा त्याच्या उजव्या भागात, पोहोचतात. तेथे त्यांच्यावर धावून आलेल्या आपल्या पांढऱ्या पेशीही ते मारतात, आणि त्या फुटल्यावर त्यांच्यातून सांडणारी दाहक द्रव्ये यकृताच्या पेशींनाच इजा करतात. पोकळी मोठी होण्यात हाही एक भाग आहे. गळूतून काढलेला तपकिरी, चॉकलेटसारखा दिसणारा द्रव म्हणजे बहुतांशी मेलेले यकृतच असते, नेहमीचा पू नव्हे. त्या द्रवात अमिबा शोधायला गेल्यास बहुधा सापडत नाहीत, कारण ते पोकळीच्या कडेला, जिवंत पेशींच्या सीमेवर असतात.

आधी जुलाब नसणे यात नवल नाही. यकृताचे गळू झालेल्या बऱ्याच रुग्णांत ते नसतात. लागण आणि गळू यांमध्ये काही आठवडे, महिने, क्वचित वर्षेही जाऊ शकतात, म्हणून सराफ्यातल्या एखाद्या रात्रीवर आरोप सिद्ध करणे अशक्य आहे. (घरच्या पाहुणचारातल्या न धुतलेल्या कोथिंबिरीवर कोणी संशय घेत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.) इंदूरला येणारे नर्मदेचे पाणी शुद्धीकरणात गाळले जाते तेव्हा पुटी अडकतात, पण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला त्या सहसा दाद देत नाहीत, उकळलेल्या पाण्यात मात्र मरतात.

दुसऱ्या गोळ्यांचे कारण सरळ आहे. मेट्रोनिडाझोल रक्तात शोषले जाऊन यकृतातील अमिबा मारते, पण आतड्याच्या पोकळीतले सगळे मरतीलच असे नाही. त्यांच्यासाठी डायलॉक्सनाइड फ्युरोएट किंवा पॅरोमोमायसिनसारखे औषध लागते. ते न घेतल्यास आजार उलटू शकतो आणि इतरांकडे पुटी जात राहतात. सोनोग्राफीत पोकळी अजून काही महिने दिसली तरी, ताप आणि दुखणे गेले असेल तर, घाबरू नये. यकृत ती भरून काढते.

प्रश्न : हिवतापाचा परजीवीही असाच पेशी खातो का?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : नाही, तो आत शिरून नाश करतो. प्लास्मोडियम फाल्सिपेरम तांबड्या पेशीत शिरल्यावर हिमोग्लोबिन पचवतो, त्यातून उरणाऱ्या विषारी हीमचे (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागाचे) निरुपद्रवी तपकिरी स्फटिक करतो आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून नव्या पिढीसह बाहेर येतो. पेशी फुटण्याच्या वेळेशी तापाचे येणे जोडलेले असते. फुटण्याआधी मात्र तो पेशीच्या पृष्ठभागावर आपली प्रथिने उगवतो, त्यामुळे ती बारीक रक्तवाहिन्यांना चिकटते. मेंदूत असे घडले की रुग्ण बेशुद्ध होतो. काळा आजाराचा लेश्मानिया तर सूक्ष्मजीव पचवण्यासाठीच नेमलेल्या आपल्या भक्षक पेशीच्या आत राहतो आणि वाढतो.

प्रश्न : माझ्या शौच तपासणीत पुटी आढळल्या, पण त्रास काहीच नाही. घरातील सर्वांनी औषध घ्यावे का?
— एक वाचक, देवास

उत्तर : आधी त्या पुटी कोणत्या, हे विचारावे. एंटामिबा डिस्पार नावाचा निरुपद्रवी अमिबा सूक्ष्मदर्शकाखाली तसाच दिसतो. त्याला स्वतंत्र जातीचे स्थान १९९३ मध्ये मिळाले. घातक जातीची लागण झाल्यावरही आजार होतोच असे नाही. मनिला येथे १९१३ मध्ये वॉकर आणि सेलार्ड्स यांनी तुरुंगातील २० जणांना हा परजीवी खाऊ घातला (आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही आणि धजूही नये), तेव्हा १८ जणांना लागण झाली, पण अमांश ४ जणांनाच झाला. दोन जातींतला फरक प्रतिजन तपासणीने (परजीवीची प्रथिने ओळखणारी) किंवा पीसीआरने (त्याचा डीएनए ओळखणारी) कळतो. तांबड्या पेशी गिळलेला अमिबा दिसला तर तोही घातक जातीचा भक्कम पुरावा असतो. तपासणीत हिस्टोलिटिका ठरला, तर त्रास नसतानाही आतड्यातील अमिबा मारणारे औषध घ्यावे. डिस्पार ठरला, तर कोणालाच औषधाची गरज नाही.